युक्ती सविस्तर लिहा

जादू शिकायला अवघड आहे का, असं मला अधूनमधून कोणी ना कोणी विचारतं. हात शिकतात. वेळ लागतो, पण शिकतात. माझं घोडं अडलं ते एका कार्यालयाच्या खिडकीपाशी, आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही. तेव्हा आधीच सांगते, पुढे पत्त्यांपेक्षा कागदच जास्त येणार आहेत.

मी सिंधुदुर्गात एका औषधांच्या दुकानात कामाला आहे. दुपारी दुकान बंद असतं, तेवढ्या वेळात शिकले. नाणी, रुमाल आणि दोरी यांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. दहाचं नाणं घ्या, एक-दोनची हल्लीची नाणी फार लहान आहेत. आरशासमोर सराव करा, पण त्याच्यावर विसंबू नका. ऐन क्षणाला आपले डोळे आपोआप मिटतात आणि फसतो आपणच. मोबाईल लावून चित्रण करा, तेही समोरून नको, बाजूने आणि खालून. मुलं तिथेच बसतात.

पत्त्यांचा एक फायदा आपल्याकडे जन्मजात असतो. रमी किंवा मेंढीकोट खेळताना आपण पत्ते हातावर ज्या पद्धतीने पिसतो, त्याला पाश्चात्त्य जादूगार ‘हिंदू शफल’ म्हणतात आणि मुद्दाम बसून शिकतात. आमच्या घरी गणपतीत रात्र जागवताना तो सगळ्यांनाच येतो. डबल लिफ्ट नावाच्या पत्त्यांच्या हातचलाखीने मात्र मला रडवलं. ती काय असते ते इथे लिहिणार नाही. शिकणाऱ्याला कळेल, आणि न शिकणाऱ्याला कळायची गरज नाही.

त्यातून पावसाळा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि चांगले पत्ते कागदाचे असतात. जुलैत माझी नवी कोरी जोडी ओल्या पापडासारखी झाली. पत्ता सरकायचा नाही, आणि सरकला तर तिघे मिळून सरकायचे. प्लास्टिकचे पत्ते घ्यावेत तर ते भलतेच निसरडे. शेवटी दुकानातल्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांमधल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवल्या, घट्ट झाकणाच्या डब्यात पत्त्यांबरोबर ठेवल्या, आणि सरावाची जोडी वेगळी आणि खेळाची वेगळी केली. कोकणात राहून पत्त्यांची जादू करणाऱ्याने दुसरं काही नाही तरी एवढं करावंच. हौसेने सावंतवाडीची गंजिफाही हातात घेऊन पाहिली. दशावतारी गंजिफेचे १२० पत्ते असतात, सुंदर रंगवलेले, पण गोल. कोपराच नाही तर बोटांनी पकडायचं काय? परत पेटीत ठेवली. तिथल्याच चितार आळीत लाकडी खेळण्यांबरोबर लाखकामाच्या वस्तू मिळतात, तिथलं कातकाम पाहून प्याले-चेंडूच्या खेळासाठी लाकडी प्याले बनवून घेतले. ते मात्र झकास झाले. प्याले सांगताना बाहेरचा आकार सांगून भागत नाही. एकात एक बसवल्यावर मध्ये किती जागा राहायला हवी, तेही सांगावं लागतं.

बायकांसाठी एक वेगळं सांगते, कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. जादूची सगळी शिकवण कोटाचे आणि पँटचे खिसे गृहीत धरून असते. ‘आता डावा हात सहज खिशात न्या’ म्हणे. साडीला कुठला खिसा? मी पंजाबी ड्रेसवर येणारं लांब जाकीट शिवून घेतलं, आतून आपल्या हिशेबाने खिसे. शिंप्याने एकदाही ‘कशाला?’ विचारलं नाही. गुणी माणूस.

लोकांपुढे पहिल्यांदा उभी राहिले ती नातेवाइकांच्या होमस्टेमध्ये, मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांसमोर, जेवणं झाल्यावर. पाहुणे टाळ्या वाजवतात. गावचे लोक वाजवत नाहीत, ते म्हणतात, ‘‘परत एकदा दाखव गो, माका कळूक नाय.’’ परत दाखवू नका. कुठलाही खेळ तीनदा पाहिला की मला उलगडतो, असं प्रसिद्ध जादूगार हुदिनी छातीठोकपणे सांगायचा. १९२२ साली शिकागोत पत्त्यांचा जादूगार डाय व्हर्ननने त्याला एकच पत्त्याचा खेळ पुन्हा पुन्हा दाखवला, पत्त्यावर हुदिनीचीच आद्याक्षरं होती, आणि हुदिनीला तो शेवटपर्यंत उलगडला नाही. पण तो व्हर्नन होता.

मग डोक्यात शिरला रंगमंच. बऱ्याच टेबलांवर खेळ करून झाल्यावर वाटलं, तिकीट लावून एक पूर्ण प्रयोग करावा. शेवटचा खेळ ठरला पेटी आणि तलवारींचा. कॉलेजात शिकणारी भाची पेटीत शिरायला आनंदाने तयार झाली. सुताराने आधी फणसाच्या लाकडाचं सांगितलं, पण ती पेटी उचलायला चार गडी लागले असते, म्हणून प्लायवूड घेतलं. पेटी उत्तम झाली. तालीमही झाली. राहिलं होतं फक्त सभागृह.

सभागृह सरकारी होतं. कुठलं ते सांगत नाही, पण अर्ज नाटकांसाठी छापलेला होता. नाटकाचे नाव, लेखक, दिग्दर्शक, संहितेच्या प्रमाणपत्राचा क्रमांक. पहिल्या रकान्यात मी ‘जादूचे प्रयोग’ लिहिलं, पुढच्या दोहोंत ‘स्वतः’, आणि चौथ्यात रेघ ओढली. खिडकीतल्या गृहस्थांचं बोट त्या रेघेवर थांबलं.

‘‘मंडळाचं सर्टिफिकेट आणा.’’

मंडळ म्हणजे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. नाटकवाले तिथे संहिता पाठवतात. मी म्हटलं, साहेब, हे नाटक नाही, याला संहिता नसते.

‘‘मग दोन तास बोलणार काय?’’

बरं म्हणून घरी आले आणि जे जे बोलते ते सगळं लिहून काढलं. नाण्यांच्या वेळची बडबड, पत्त्यांच्या वेळचे विनोद, पेटीच्या आधीची गोष्ट. त्यांनी उभ्या उभ्या सगळं वाचलं, एका विनोदाला हसलेसुद्धा. मला वाटलं, सुटले.

‘‘यात ती मुलगी वाचते कशी, ते कुठाय?’’

‘‘ते लिहीत नाहीत, साहेब. तेवढंच तर गुपित असतं.’’

‘‘मॅडम, तलवारी आहेत. उद्या काही झालं तर उत्तर आम्ही द्यायचं. युक्ती सविस्तर लिहा, आकृती काढा आणि दोन प्रतींत द्या.’’

दोन प्रतींत! एक प्रत फाईलला आणि दुसरी कुठे, तर ‘वर’. मी सांगितलं की तलवारी बोथट आहेत, पेटीला कुलूप नाही, भाची सज्ञान आहे, तिच्या आईची संमती आहे. ते म्हणाले, हे सगळं ठीक, पण पद्धत कळल्याशिवाय धोका आहे की नाही हे आम्ही कसं ठरवायचं? त्यात तथ्य नव्हतं असं नाही. १९५६ साली लंडनला बीबीसीवर जादूगार पी. सी. सरकारांनी एका मुलीला करवतीने कापलं, आणि ती उठून उभी राहायच्या आत कार्यक्रमाची वेळ संपली. लोकांना वाटलं मुलगी मेली, बीबीसीचे फोन खणखणत राहिले. ही गोष्ट मी त्या खिडकीत अर्थातच सांगितली नाही.

पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं, ‘‘पेटी कोणी बनवली?’’

‘‘सुताराने.’’

‘‘म्हणजे सुताराला माहीत आहे. शिंप्याला माहीत असेल. भाचीला आहेच. मग आम्हालाच का नाही?’’

याचं उत्तर मला तिथे सुचलं नाही, रात्री जेवताना सुचलं. सुतार फाईल ठेवत नाही. सुताराकडे १० रुपयांचं तिकीट लावलेला अर्ज टाकून कोणी माझ्या पेटीची आकृती मागू शकत नाही. कार्यालयात दिलेला कागद मात्र माहितीच्या अधिकारात कोणीही मागू शकतो, आणि आमच्या तालुक्यात असे अर्ज हौसेने करणारी माणसं आहेत.

जादूगारांच्या जगात हे एकदा घडून गेलेलं आहे. होरेस गोल्डिनने माणूस करवतीने कापायच्या आपल्या खेळाचं १९२३ साली अमेरिकेत पेटंट घेतलं. पेटंट म्हणजे युक्ती सरकारदरबारी लिहून द्यायची, आणि तो कागद कोणालाही वाचता येतो. १९३३ मध्ये एका सिगारेट कंपनीने जाहिरातींतून तो खेळ उघड केला. गोल्डिन कोर्टात गेला आणि १९३८ मध्ये हरला. पेटंट घेऊन त्याने स्वतःच जे जगजाहीर केलं होतं, त्याचं गुपित आता कसलं राखायचं? चोरांपासून वाचावं म्हणून ज्या कागदावर लिहिलं, त्या कागदानेच त्याचा घात केला. मी त्यातून एवढंच घेतलं की आकृती काढायची नाही. सभागृह मिळो न मिळो.

वकिलीच्या कार्यालयात काम करणाऱ्या एका मैत्रिणीने दाखवून दिलं की माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ (१) (घ) मध्ये व्यापारी गुपितांना सूट आहे. ते कलम छापून घेऊन गेले. गृहस्थांनी चष्मा लावून वाचलं.

‘‘बरोबर आहे. पण माहिती द्यायची की नाकारायची, हे जन माहिती अधिकारी ठरवणार.’’

‘‘ते कोण?’’

‘‘मीच.’’

यानंतर सुरू झालं ते थांबणं. फाईल वर गेलेली, वरचे साहेब बैठकीला गेलेले, बैठक पुढे गेलेली. हिवाळ्यातल्या तारखा एकेक करून नाटकवाल्यांनी उचलल्या. त्यांच्याकडे क्रमांक होता ना! आमची पेटी पडवीत उभी. एप्रिलमध्ये आईने तिच्यावर सूप ठेवून आमसुलं वाळत घातली, आणि वर मलाच विचारलं, ‘‘ह्या खोक्याचा काय करूचा आसा?’’ भाचीची परीक्षा तोंडावर. पाऊस लागला की सभागृहात कोण येणार? जो तो लावणीच्या गडबडीत. हाताचा सराव मी सोडला नव्हता, पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत पत्ते पिसताना डोळ्यांपुढे पत्ते नसायचे, तो रकाना असायचा.

सुटलं ते फार लवकर सुटलं, आणि म्हणूनच जास्त चीड येते. वरच्या जागेवर बदलून आलेल्या अधिकाऱ्यांना मी थेट भेटले. त्यांनी तीन प्रश्न विचारले. आग आहे का? प्राणी आहेत का? पेटी बाहेरून बंद होते का? तिन्हीला ‘नाही’ म्हटलं. ‘‘मग हमीपत्र घ्या यांच्याकडून,’’ एवढं बोलून त्यांनी सही केली. हमीपत्रात हेच मुद्दे, शिवाय तलवारी बोथट असून खेळाआधी सभागृहाच्या माणसाला हातात घेऊन पाहता येतील, आणि साहाय्यक सज्ञान असून स्वखुशीने काम करते आहे. युक्तीचा एक शब्द नाही. तुम्हाला असा अर्ज करायचा असेल तर हे हमीपत्र पहिल्याच दिवशी स्वतःहून जोडा, मागायची वाट पाहू नका. आणि प्रत्येक कागदाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या.

प्रयोग मे महिन्याच्या शेवटी झाला. चाकरमानी गावी होते, सभागृह जवळजवळ भरलं. पत्ते मागच्या रांगांना दिसत नाहीत हे मला ठाऊक होतं, म्हणून रंगमंचावर दोरी, मोठे रुमाल आणि पेटीच ठेवली. शेवटची तलवार गेली तेव्हा पुढच्या रांगेतली एक बाई ‘अगो बाय!’ म्हणून ओरडली. भाची हसत बाहेर आली. त्यानंतर जे वाटलं ते मला लिहिता येणार नाही, पण त्यासाठी मी पुन्हा त्या खिडकीत उभी राहीन.

ते गृहस्थ सहकुटुंब आले होते. खेळ संपल्यावर आत येऊन हळूच म्हणाले, ‘‘मॅडम, पाठीमागे आरसा आहे ना?’’

‘‘तुमचा अंदाज लेखी द्या साहेब,’’ म्हटलं, ‘‘दोन प्रतींत.’’ हसले बिचारे. आरसा नाही, हे मात्र त्यांना अजून सांगितलेलं नाही.

काही गोष्टी राहिल्याच. ससा किंवा कबूतर टोपीतून काढायची हौस असेल तर सोडून द्या. खेळात प्राणी वापरायचे तर पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि आपल्याकडचे देशी पोपट पाळणं तर कायद्यानेच बंद. भपकन पेटणारा कागद पोस्टाने मागवू नका, तो ज्वालाग्राही असतो आणि टपालात चालत नाही. मंडपात उघड्यावर खेळ असेल तर ध्वनिक्षेपकाचं सगळं रात्री १०च्या आत आटपा, सणाची खास सवलत असेल ते दिवस वेगळे. बंदिस्त सभागृहात ती अडचण नसते. मंडपात माणसं तिन्ही बाजूंना बसतात, तेव्हा बाजूने उघडा पडणारा खेळ तिथे घेऊच नका. जत्रेत दशावतार पाहायला गेलात तर एकदा गोष्ट सोडून नट तिन्हीकडच्या माणसांना कसे धरून ठेवतात तेवढंच बघा. सभागृहाच्या अनामत रकमेसाठी प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी अर्ज टाका. मी टाकलाय, आवक क्रमांकासकट.