लहान मुलांसह टॉवर ऑफ लंडन: आधी जवाहिरखाना, बाकीचे सारे नंतर

टॉवर ऑफ लंडनच्या तिकिटावर ‘रांग टाळा’ असे छापलेले दिसले, तर ती नेमकी कोणती रांग हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे. आम्ही पर्यटनस्थळांची तिकिटे विकणाऱ्या एका संकेतस्थळावरून, मूळ दरापेक्षा बरेच जास्त पैसे मोजून, अशी तिकिटे घेतली होती. त्यांनी टळली ती तिकीट खिडकीपुढची रांग, जिथे त्या दिवशी मुळात कोणी उभेच नव्हते. खरी रांग किल्ल्याच्या आत, राजमुकुट ठेवलेल्या जवाहिरखान्याच्या दाराशी लागते आणि तिथे आमच्या महागड्या तिकिटाला व पुढे उभ्या असलेल्या कुटुंबाच्या साध्या तिकिटाला एकच न्याय होता. भरीस भर म्हणून त्या तिकिटावर प्रवेशाची वेळ दुपारी बाराची होती आणि मुलांबरोबर जाणाऱ्यांना ती विशेष सोयीची असल्याचे सोबतच्या सूचनेत आवर्जून लिहिले होते. सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा बरोबर असताना यापेक्षा गैरसोयीची वेळ शोधूनही सापडली नसती.

किल्ला म्हटला की मराठी माणूस आधी चढणीचा विचार करतो. हा मात्र थेम्सच्या काठावरचा भुईकोट आहे. त्याला एकात एक असे दोन तट आहेत आणि बाहेरच्या तटाभोवतीचा खंदक १८४३ पासून कोरडा आहे. सिंहगड चढून जाणाऱ्या कुटुंबाला इथे चालण्याचा त्रास होण्याचे काहीच कारण नाही. त्रास होतो तो एका जागी उभे राहण्याचा, आणि चार वर्षांच्या मुलाला नेमके तेवढेच जमत नाही.

हा जवाहिरखाना वॉटर्लू बराक नावाच्या लांबलचक इमारतीत आहे. तिच्यासमोरच्या मोकळ्या अंगणात दोरखंडांमध्ये वळणे घेत रांग लागते. तिथे छप्पर नाही, बसायला जागा नाही आणि आम्ही गेलो त्या दिवशी लंडनला न शोभणारे ऊन होते. लाल डगला आणि अस्वलाच्या कातड्याची उंच टोपी घातलेला पहारेकरी दाराजवळ उभा असतो. त्याला हसवण्याच्या प्रयत्नात मुलांची दहा मिनिटे जातात, त्यानंतर मात्र रांगेत मुलांसाठी काहीही नाही. आमचा सव्वा तास मोडला. दार ओलांडल्यावर सुटलो असे वाटते, पण आत आणखी दालने आहेत, त्यांत राज्याभिषेकाच्या चित्रफिती दाखवत गर्दी हळूहळू पुढे सरकवली जाते. मोठ्यांना त्या चित्रफितींत रस वाटेल. भुकेल्या मुलांना वाटत नाही. आम्ही अगदी दाराच्या तोंडाशी पोहोचलो असताना चिरंजीवांनी ‘शू’ जाहीर केली. स्वच्छतागृहे याच इमारतीच्या मागे आहेत, त्यामुळे एकाने जागा धरून ठेवून दुसऱ्याने धावणे शक्य होते. एकटा पालक दोन मुलांना घेऊन आला असेल, तर त्याने रांगेत शिरण्यापूर्वीच हे काम उरकून घ्यावे. पाण्याची बाटली आणि सुका खाऊ हाताशी ठेवावा, पिशवीच्या तळाशी नव्हे.

एवढे सोसून जाड पोलादी दारांतून खजिन्याच्या खोलीत गेलो, तर मुख्य मुकुटांच्या कपाटांसमोरून सरकते पट्टे जातात. त्यांवर उभे राहायचे आणि पट्टा नेईल तितक्या वेगाने मुकुट मागे पडू द्यायचे. छायाचित्रे काढायला सक्त मनाई आहे, त्यामुळे नंतर निवांत पाहू ही सोयही नाही. सव्वा तासाच्या बदल्यात मिळालेले दर्शन मिनिटभराचे भरले असेल. मुलगा उभा असलेल्या उंचीवरून त्याला हिरे दिसलेच नाहीत. दिसली ती मुकुटाच्या कडेची पांढरी केसाळ किनार आणि तिच्यावरचे काळे ठिपके. ‘राजाला गरम नाही होत?’ हा त्याचा एकमेव प्रश्न होता, आणि प्रश्न रास्त होता. यावरून सांगतो, सहा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्यावर पाऊल ठेवण्याआधीच कडेवर घ्यावे, मध्येच उचलायला गेलात तर तोवर कपाट संपलेले असते.

काय पाहायचे हे मुलांना रांगेतच सांगून ठेवल्यास तो मिनिट वाया जात नाही. १९३७ मध्ये घडवलेल्या इम्पीरियल स्टेट क्राउनमध्ये २,८६८ हिरे आहेत. त्यांपैकी समोरचा मोठा म्हणजे कलिनन हिऱ्याचा दुसऱ्या क्रमांकाचा तुकडा. त्याच हिऱ्याचा सर्वांत मोठा, सुमारे ५३० कॅरटचा तुकडा राजदंडावर बसवला आहे आणि तो लहान मुलालाही सांगावा लागत नाही, इतका ठळक दिसतो. मूळ कलिनन १९०५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील खाणीत सापडला, तेव्हा ३,१०६ कॅरटचा होता. सेंट एडवर्डचा सोन्याचा मुकुट १६६१ चा, वजन दोन किलोंहून अधिक. त्याच्या आधीची राजचिन्हे कुठे गेली, असे मुलीने विचारले, त्याचे उत्तर असे की १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाल्यावर ती मोडून वितळवण्यात आली. त्यातून वाचलेला बाराव्या शतकातला अभिषेकाचा चमचा मात्र आजही तिथे आहे. पट्ट्यानंतर भोजनाची सोन्याची भांडी आहेत. त्यांतले १८२९ चे एक पात्र जवळपास अडीचशे किलोंचे आहे आणि आमच्या दोन्ही मुलांचे एकमत झाले की यात राजा आंघोळ करत असणार. इथे पट्टा नाही, गर्दी पांगलेली असते, त्यामुळे मुले प्रत्यक्षात काही पाहतात ती याच भागात.

एक सूचना तारखेबाबत. राजा संसदेच्या अधिवेशनाचे औपचारिक उद्घाटन करतो, तेव्हा इम्पीरियल स्टेट क्राउन त्यासाठी बाहेर नेला जातो. त्या सुमारास जाणार असाल, तर मुकुट जागेवर आहे की नाही ते आधी पाहून घ्यावे.

कोहिनूरविषयी भारतातून जाणाऱ्यांची अपेक्षा फार मोठी असते आणि ती पुरी होत नाही. तो १९३७ च्या, राजमाता एलिझाबेथ यांच्या मुकुटात आहे, १०५.६ कॅरटचा. कलिनन पाहून झालेला असल्यास तो डोळ्यांत भरत नाही. १८५२ मध्ये त्याला नव्याने पैलू पाडले गेले, तेव्हा त्याचे ४० टक्क्यांहून अधिक वजन गेले. मुलांना मात्र हिऱ्यापेक्षा त्याची गोष्ट लागते. १८४९ मध्ये लाहोरच्या ज्या तहान्वये तो ब्रिटिशांकडे गेला, त्यावर सही करणारा महाराजा दुलीपसिंग दहा वर्षांचा होता, हे ऐकल्यावर आमची कन्या त्या कपाटापासून हलेना. २०२३ मध्ये राणी कॅमिला यांच्या राज्याभिषेकासाठी हा मुकुट वापरला गेला नाही, त्यांनी राणी मेरीचा मुकुट घातला. त्याच वर्षी खजिन्याची मांडणी नव्याने झाली, आणि हा हिरा जिंकून घेतलेला आहे हे आता तिथे लपवून ठेवलेले नाही.

याच ओघात आणखी एक गैरसमज दूर करतो, कारण निघण्यापूर्वी घरच्या वडीलधाऱ्यांनी ‘भवानी तलवार डोळे भरून बघा’ असे बजावले होते. टॉवरमध्ये ती नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींनी १८७५-७६ च्या भारतभेटीत प्रिन्स ऑफ वेल्सला दिलेली ‘जगदंबा’ तलवार ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे, पण ती टॉवरच्या खजिन्यात मांडलेली नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे २०२४ मध्ये मुदतीच्या बोलीवर साताऱ्याला आली, त्यामुळे त्यांच्यासाठीही टॉवर हे ठिकाण नव्हे. मुलांना तसा शब्द देऊन नेऊ नये.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहायला बसलो ती. दिवस संपत आला असताना, साडेचारच्या सुमारास, बाहेर पडायच्या वाटेवर आम्ही पुन्हा त्या अंगणातून गेलो आणि पाहतो तर दोरखंड रिकामे. एकही माणूस नाही! न थांबता सरळ आत गेलो. पट्ट्यावरून उतरून पुन्हा पहिल्या टोकाशी जायला कोणी हरकत घेत नव्हते, मग आम्ही त्यावरून पोटभर फेऱ्या मारल्या. मुलाला या खेपेला हिरे दिसले, मुलीने राजदंड शोधून काढला, आणि दुपारी मनातल्या मनात दिलेल्या सगळ्या शिव्या मी परत घेतल्या. दालनातल्या कर्मचारी बाईंनी सांगितले, की रोजचा प्रकार हाच असतो: किल्ला उघडल्यापासूनचा पहिला तास आणि बंद होण्याआधीचा शेवटचा तास मोकळा, मधला सगळा वेळ गर्दीचा. तेव्हा माझा सल्ला निःसंदिग्ध आहे. मंगळवार ते शनिवार किल्ला सकाळी नऊला उघडतो, रविवारी आणि सोमवारी दहाला. उघडण्याच्या वेळी दारात हजर राहावे आणि वाटेत ट्रेटर्स गेट, कावळे, तोफा यांपैकी कशापाशीही न थांबता थेट जवाहिरखाना गाठावा. मुले थांबू म्हणतील, थांबू देऊ नये. सकाळ साधली नाही तर सरळ शेवटच्या तासाला जावे. मात्र किल्ल्यातला शेवटचा प्रवेश बराच आधी बंद होतो आणि हिवाळ्यात सगळेच लवकर आटोपते, हे लक्षात ठेवावे. दुपारी बाराला जाणे पूर्णपणे निरर्थक आहे.

बाबागाडीबद्दल: नेऊ नका. आतल्या पुष्कळशा वाटा उंचसखल गोल दगडांच्या फरसबंदीच्या आहेत, त्यांवर लहान चाकांची घडीची गाडी अडत, धडधडत जाते आणि झोपलेले मूल जागे होते. तटावरच्या वाटांना जिने आहेत, व्हाइट टॉवरलाही जिनेच आहेत, त्यामुळे गाडी दर वेळी कुठेतरी सोडून यावी लागते. पाठीवर बांधायची झोळी उत्तम.

व्हाइट टॉवर म्हणजे या किल्ल्याचा मूळ बुरूज, १०७० च्या दशकात विल्यम द कॉन्कररने बांधायला घेतलेला, सुमारे २७ मीटर उंच. आठव्या हेन्रीचे पोटाशी रुंद असलेले चिलखत, लाकडी घोड्यांची रांग, राजपुत्रांसाठी घडवलेली लहान चिलखते आणि वरच्या मजल्यावर शस्त्रे जोडून केलेला ड्रॅगन हे सगळे इथे आहे. मुलांना संपूर्ण दिवसात सर्वाधिक आवडले ते हेच. तक्रार करण्याजोगे काही नसल्याने अधिक लिहीत नाही. मात्र आतला मार्ग एकाच दिशेचा आणि गोल जिन्यांचा आहे, म्हणून स्वच्छतागृहाला आधी जाऊन यावे.

छळाच्या साधनांचे दालन वेकफिल्ड टॉवरच्या तळाशी आहे. ते भीतिदायक असेल म्हणून आम्ही बिचकत होतो. प्रत्यक्षात ते लहानसे आणि कोंदट आहे आणि तेवढ्यासाठी वाट वाकडी करू नये. तिकिटातच समाविष्ट असलेली बीफईटरांची, म्हणजे किल्ल्याच्या पारंपरिक रखवालदारांची, सफर मोठ्यांनी जरूर ऐकावी. हे सगळे किमान २२ वर्षे सैन्यात काढलेले लोक आहेत आणि त्यांचा आवाज तसाच खणखणीत असतो. पण विनोद शिरच्छेदांचे आणि इंग्रजी झपाट्याचे, त्यामुळे आमची मुले पाव तासात कंटाळली. त्यापेक्षा प्राण्यांची गोष्ट सांगावी. इथे शतकानुशतके राजाचा प्राणिसंग्रह होता, १२५२ मध्ये आलेले पांढरे अस्वल दोराला बांधून थेम्समध्ये मासे पकडायला सोडत असत, आणि त्या प्राण्यांच्या तारेच्या मोठ्या आकृत्या आज किल्ल्यात जागोजागी उभ्या आहेत. त्या शोधत फिरायला लावले, की मुले एरवी न चालणारे अंतर चालतात.

डोमकावळे आपल्या कावळ्यांपेक्षा बरेच मोठे असतात आणि ते माणसाला भीत नाहीत. सहाच्या खाली त्यांची संख्या गेली तर राज्य बुडेल, अशी दंतकथा असल्याने त्यांची बडदास्त मोठी आहे. आम्ही बाकावर डबा उघडला, तेव्हा एक जण पाठीवरून वाकून मुलाच्या हातातल्या वेफर्सच्या पुडीकडे पाहत होता. चोच बोटाएवढी लांब, आणि चावतात अशी पाटीही लावलेली आहे. पुडी त्याने नेली. तरीही डबा घरून न्यावाच, कारण आतल्या उपाहारगृहात चौघांच्या साध्या जेवणाला जे बिल झाले असते ते दरपत्रक वाचूनच आम्ही बाहेर आलो.

तिकिटे किल्ल्याची देखभाल करणाऱ्या हिस्टॉरिक रॉयल पॅलेसेस या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढावीत. मोठ्या माणसाचे तिकीट ३० पौंडांच्या वर आहे, ५ ते १५ वर्षांच्या मुलांना निम्म्याच्या आसपास आणि पाचखालच्यांना मोफत. आम्हाला विकलेल्या गठ्ठ्यात चार वर्षांच्या मुलाचीही किंमत धरलेली होती, हे मागाहून हिशेब लावताना कळले. मोठे सामान घेऊन विमानतळावरून थेट जाऊ नये, ते आत घेत नाहीत. उतरायचे स्थानक टॉवर हिल, तिथे लिफ्ट आहे आणि अकरा वर्षांखालची मुले मोठ्यांबरोबर ट्यूबने, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेने, फुकट जातात.

परतताना टॉवर पिअर या धक्क्यावरून बोट घ्यायची असेल, तर तिथे सहलीच्या बोटी आणि प्रवासी बोटी अशा दोन्ही सुटतात. वेस्टमिन्स्टरला दोन्ही जातात, नदीही तीच दिसते. सहलीच्या बोटीवरची फुकटची माहिती ऐकण्याची ताकद मुलांत उरलेली नसेल, तर कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवून प्रवासी बोटीत चढावे आणि पाचखालच्या मुलाचे पैसे तिथेही देऊ नयेत.