मावशींची कडक भाकरी

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापुरातून पंढरपूरकडे निघाली की तिऱ्ह्याच्या रस्त्यावर पांढऱ्या कपड्यांची रांग लागते. त्या रांगेच्या मागेमागे मी मंगळवेढ्यापर्यंत चाललो. सोबत मावशी. निवृत्त नर्स, शेजारणीचे गुडघे दुखतात म्हणून तिच्यासोबत निघालेल्या. आम्ही दोघंही ख्रिस्ती, पण मंडळ्या वेगळ्या. माझा बाप्तिस्मा तान्हेपणी, पाणी शिंपडून झालेला. मावशींनी मोठेपणी बुडून घेतलेला, आणि तोच खरा असं त्यांचं ठाम मत.

निघण्याआधीच दोन्हीकडे मावशींचा निकाल लागला होता. त्यांच्या प्रार्थनासभेत, ‘दिंडीत गेल्या म्हणजे विश्वासातून मागे फिरल्या.’ आमच्या चर्चच्या आवारात, ‘प्रसाद घेणार नाहीत, मग जायचंच कशाला? नुसतं सोवळं!’ यातलं एक वाक्यही मावशींच्या तोंडावर कुणी बोललं नाही.

तिऱ्ह्याला पंगत बसली, मी बसलो. मावशींनी पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. वाढणाऱ्यानं आग्रह केला, त्यांनी हात जोडले, तो ‘बरं माउली’ म्हणून पुढे गेला. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 14व्या अध्यायात प्रेषित पौलापुढे असाच पेच आहे. काही जण सगळं खात, काही फक्त भाजीपाला. पौल दोघांना वेगवेगळं बजावतो: खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोष लावू नये. आमच्यासारख्या मोकळ्या मंडळींना पहिलं लागू. आम्ही दोष लावत नाही, हसतो. आणि हसण्यात काही पाप आहे असं आम्हाला वाटतच नाही.

वारीचं फार गोड चित्र मला रंगवायचं नाही. मंगळवेढ्यात भिंत कोसळून गेलेल्या चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे, देवळाच्या आत नाही. आणि दोष लावू नये म्हणजे तोंड शिवून बसावं असंही नाही. मंडळीच्या पैशांत कुणी हात घातला की हेच वचन पुढे करून पांघरूण घालणारे मला अजिबात पटत नाहीत. मत्तयच्या 7व्या अध्यायात कुसळ-मुसळ आहे, तसंच फळांवरून ओळखा हेही आहे. पुढे 18व्या अध्यायात तर रीतच दिलीय: भावानं अपराध केला तर आधी त्याला एकांतात सांग. आपल्याकडे आधी सगळ्यांना, मग पाळकसाहेबांना, आणि त्याला जमलं तर.

कामतीपर्यंत मावशींनी मला एकांतात भरपूर सांगितलं. मी कपाळी बुक्का लावून घेतला होता ना! मी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना पुढे केलं. 1895 साली बाप्तिस्मा घेतला तरी त्यांचे तुकोबा सुटले नाहीत. 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

“टिळक मोठे होते. तुम्ही नाही,” मावशी म्हणाल्या. मग मला रस्त्याकडेला बसवून टाचेवरचा फोड पाहिला, पट्टी बांधली, आणि बाप्तिस्म्याचा विषय जिथं सोडला होता तिथूनच पुढे सुरू केला. मंगळवेढं आलं तरी आमचं एकमत झालं नव्हतं.

परतल्यावर रविवारी उपासनेनंतर एकानं मला बाजूला घेतलं. “काय हो, त्या बाईंनी म्हणे प्रसादाला हातसुद्धा लावला नाही?”

“त्यांनाच विचारा की,” मी म्हटलं. “संध्याकाळी पाचनंतर घरीच असतात. चहा चांगला करतात.”