आमची वाटचाल: इंचाला फूट

2009 साली सांगलीत पत्र्याच्या शेडमध्ये एक वेल्डिंग मशीन, एक कटर आणि आम्ही दोघे भाऊ, एवढ्यावर सुरुवात केली. ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे. पहिल्या सात-आठ वर्षांचं सांगण्यासारखं फार नाही. थोडी उधारी बुडाली, थोडं नाव झालं.

एप्रिल 2017 मध्ये दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 लागू झाला. त्याचं कलम 44 म्हणतं, सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज ये-जा करता यावी यासाठीचे, नियम न पाळणाऱ्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही. मग बिल्डरांचे फोन सुरू झाले. "रॅम्प पाहिजे हो, दाखल्यापुरता."

तसा एक आम्हीही करून दिला. तीन पायऱ्या, दीड फूट उंची, आणि जागा सहा फूट. महिन्याभराने बाकी मागायला गेलो, तर एका आजोबांना व्हीलचेअरवरून आणलेलं. मुलगा मागून ढकलत होता. निम्म्यावर त्याच्या चपला घसरायला लागल्या, तशी वॉचमनने आणि मी पुढून खुर्ची धरली. आजोबा म्हणाले, "कुणी केलाय हा?" मी गप्प. बाकीही मागितली नाही.

खरं तर हिशोब सोपा: 1:12 चा उतार, म्हणजे इंचाला फूट. दीड फुटाला अठरा फूट. वळणावर पाच फूट सपाट जागा. कठड्याला दोन पाईप, 760 आणि 900 मिलिमीटरवर, दोन्ही टोकांना 300 मिलिमीटर पुढे काढलेले. खालचा पाईप कशाला, हे प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. खुर्चीत बसलेल्याचा हात तिथंच पोचतो.

यापेक्षा उभा रॅम्प आम्ही करत नाही. त्यापायी कामं गेली, अजून जातात. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायची पाच वर्षांची मुदत जून 2022 मध्ये संपली, तरी कुणाला घाई दिसत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सक्तीचे नियम करायला सांगितलं, तेव्हापासून आर्किटेक्ट मात्र निदान उतार विचारतात.

शेडमध्ये आता भंगारातून आणून दुरुस्त केलेली एक व्हीलचेअर आहे. रंग मारण्याआधी आमच्या पोरांपैकी एकाने तिच्यात बसून, कुणी न ढकलता, रॅम्प चढायचा. सध्या साडेतीन फूट जोत्याचं काम चालू आहे. बेचाळीस फूट लांबी म्हटल्यावर मालक दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या गाडीची जागा सोडली.