यक्षाच्या घरची सर्व्हिस लिफ्ट

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या टॉवरमधला यक्ष आणि त्याच्याकडे पोळ्या करायला येणारी मुलगी: या जोडीची प्रेमकथा लिहिताना वर्गभेद दाखवायला भाषण लागत नाही. तिला सर्व्हिस लिफ्ट, गेटवर पिशवीची झडती. तो येऊरच्या डोंगरावरून थेट गच्चीत उतरतो. एवढं पुरे. शेवटी ती राजकन्या निघाली, तर मात्र सगळं मुसळ केरात.

जवळीक घाईत बिघडते. पगार त्याचा, जादूही त्याचीच. मग तिच्या होकाराला किंमत काय? म्हणून पहिल्या स्पर्शाआधी तिचा एक ठाम नकार लिहा, आणि पुढच्या १ तारखेला पगार पूर्ण येऊ दे. विश्वास तिथे बसतो, मासुंदा तलावाकाठच्या चांदण्यात नाही. (चांदणं ठेवा, हरकत नाही.) त्याने तिचं मन चोरून वाचलं, तर कबुली त्याच प्रकरणात हवी, ३ प्रकरणं उशीर झाला की वाचक त्याला माफ करत नाही.