गच्चीवरचे तापलेले पॅनेल
माझी भाची बडोद्याच्या कलाभवनात, म्हणजे सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये स्थापन केलेल्या आणि आज विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा असलेल्या संस्थेत, सौर पॅनेलच्या तापमानावर प्रबंध लिहीत आहे. मे महिन्यात दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर तिने पॅनेलच्या पाठीला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, चिकटवले. दुपारी दोनला आकडा ६१ अंशांवर गेला आणि शेजारी घातलेल्या कुरडया केव्हाच कडकडीत वाळल्या. ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, हा माझा समज तिने खोडून काढला. २५ अंशांच्या वर दर अंशामागे सिलिकॉनचे पॅनेल साधारण ०.४ टक्के शक्ती गमावते, म्हणजे त्या दुपारी सुमारे १४ टक्के वीज उष्णतेनेच खाल्ली. बडोद्याजवळ नर्मदेच्या कालव्यावर २०१५ पासून १० मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. तिथे जमीन वाचते, बाष्पीभवन घटते आणि खालच्या पाण्यामुळे पॅनेल थोडे थंड राहते. मात्र कालव्यावर सांगाडा उभारायला जास्त खर्च येतो, ही बाब कौतुकाच्या भरात सहसा राहून जाते. आता भाची पॅनेलखालची हवेची फट वाढवून पुन्हा मोजणार आहे. आईने फक्त वाळवणासाठी जागा मोकळी ठेवायला बजावले आहे.