कुंभारजुव्याच्या मगरी आणि चोडणचे पक्षी एकाच सकाळी? विसरा

गोव्यात क्रूझ म्हटलं की पणजीच्या धक्क्यावरची गाणी-नाच वाली बोट. ती ज्यांना हवी त्यांनी पुढे वाचू नये. हे लिहितोय कुंभारजुव्याच्या कालव्यात आणि चोडण बेटाच्या कांदळवनात होडीने शिरू पाहणाऱ्यांसाठी. आम्हाला "एकाच फेरीत मगरी, पक्षी, सगळं" असं सांगून नेलं आणि भर उन्हात चिखलात बसवून ठेवलं. अंग अजून भाजतंय, तेव्हा भाषा थोडी तिखट लागली तर चालवून घ्या.

आधी मगरी, कारण त्या खरोखर पैसे वसूल करतात. मांडवी आणि जुवारी यांना जोडणारा हा कालवा साधारण १५ किलोमीटरचा, तिसवाडीला फोंड्यापासून तोडणारा. एके काळी पावसाळ्यात मांडवीचं मुख बंद झालं की खनिजाचे बार्ज इथूनच जुवारीकडे वळायचे. बाणस्तारीच्या पुलावरून आपण रोज जातो, पण खाली काय लोळतंय ते दिसत नाही. पाणी ओसरलं की काठचा चिखल उघडा पडतो आणि थंडीच्या सकाळी मगरी तिथे ऊन खायला येतात. एक तर तोंड वासून अशी पडली होती की मेहुणा म्हणाला, "ही प्लास्टिकची आहे." होडी जवळ गेल्यावर ती सरसरत पाण्यात गेली आणि मेहुणा पुढचा अर्धा तास गप्प. बोरी-दुर्भाट भागात पौष अमावास्येला मातीची मगर थापून पुजतात, 'मानगें थापणी' म्हणतात तिला. का पुजतात ते होडीत बसल्यावर कळतं. हात बाहेर काढू नका, इतकंच.

आता गोम. मगरींना ओहोटी लागते. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यातल्या आतल्या खाडीत होडी शिरायला भरती लागते. दोन्ही एका सकाळी देतो म्हणणारा एक तर नवखा आहे किंवा थापाड्या. आमचा होडीवाला दुसऱ्या जातीचा. त्या दिवशी पंचमी होती. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा : तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, आली भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे पावणेदहाला, ओहोटी. कालव्यात आत थोडी उशिरा. तो आम्हाला घेऊन चोडणला पोचला नेमका तेव्हाच. तोंडाशीच होडी रुतली. वाशाने रेटून पाहिलं, वासा हातभर आत गेला. "रावात, उदक येतलें" (थांबा, पाणी येईल) म्हणून तो विडी ओढत बसला. छत नाही, पाणी संपत आलेलं, समोर तिवरांच्या मुळांत चिखलातले मासे उड्या मारतायत. मासे मजेत होते.

आणि पैसे! फोनवर "बोटीचे दोन हजार" ठरले होते. धक्क्यावर उतरताना तेच "माणशी" झाले. वर दुर्बिणीचं भाडं वेगळं आणि 'गाईड'चे वेगळे. हा गाईड त्याचाच भाचा, ज्याने ब्राह्मणी घार आणि खंड्या सोडून एकही पक्षी नावाने सांगितला नाही. खूप वाद घातला, काही सुटले, बरेच गेले. म्हणून फोनवर तीन गोष्टी वदवून घ्या : दर बोटीचा की माणसाचा, परत कुठे सोडणार, छत आहे का. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. लिहून देणार नाही म्हणाला तर दुसरा बघा.

तर तिथी अशी निवडा. मगरींसाठी चतुर्थी ते षष्ठी, सकाळी. चोडणच्या खाडीसाठी द्वादशी ते चतुर्दशी, नऊ ते साडेदहाची भरती. पक्ष शुद्ध असो की वद्य, गणित तेच. मध्ये आठवडाभराचं अंतर पडतं, हे त्या माणसाला माहीत नव्हतं असं मला कोणी पटवू नये. एकाच दिवशी हट्टच असेल तर पंचमीला सकाळी कालवा करा, जेवा, झोपा आणि दुपारी चारच्या भरतीला चोडण. दोन वेगळ्या होड्या, दोन वेगळे भाव. मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक मोबाइलवर मिळतं, तिथीच्या हिशेबापेक्षा ते नेमकं.

खरं तर चोडणसाठी होडीच कशाला? रायबंदरहून फेरीबोट धरा, पायी जाणाऱ्याला ती फुकट. धक्क्याला लागूनच अभयारण्याचं दार आहे. १९८८ सालचं, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं. तिवरांतल्या पायवाटेने सकाळी सातला शिरा. डासांचं मलम विसरलात तर मला शिव्या देऊ नका.

दुसऱ्या दिवशी दिवाडी बेट झालं. छान आहे. जा.

राफ्टिंगवाल्यांना : म्हादई, म्हणजे मांडवीच वरच्या अंगाला, पावसाळ्यातच, वाळपईकडून. हिवाळ्यात कोणी 'रॅपिड्स' दाखवतो म्हणाला तर तो पैसे नेतो, तुम्हाला नाही. दक्षिणेला गालजीबागला होडी शोधत जाऊ नका, तो कासवांचा किनारा आहे. उत्तरेला केरी ते तेरेखोल फेरीबोट मात्र घ्याच, पण शेवटची फेरी किती वाजता ते धक्क्यावर विचारूनच पलीकडे उतरा.