उत्तर येतंय, पण टाइप होत नाही

रविवारी जेवण अंगावर आलं होतं. झोपावं की नाही या विचारात लॅपटॉपवर निन्टेन्डोचा जुना ‘जेपर्डी’ उघडला. अमेरिकन टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेची ही १९८८ची कॅसेट. विकली गेमटेकनं, बनवली मात्र इंग्लंडातल्या ‘रेअर’नं. ‘व्हील ऑफ फॉर्च्युन’चा गेमही त्यांचाच.

टीव्हीवर माणूस बझर दाबून उत्तर बोलून मोकळा होतो. इथे खाली एबीसीडी मांडलेली. बाण नेऊन एकेक अक्षर टिपायचं, आणि घड्याळ कुणासाठी थांबत नाही. उत्तर ‘झेकोस्लोव्हाकिया’ असलं तर स्पेलिंग पुरं होईतो देश फुटायचा!

आमच्याकडे होता तो कुठल्याशा चिनी कंपनीचा टीव्ही गेम. कॅसेट फुंकर मारून घालायची, मग मारिओ नाहीतर काँट्रा. प्रश्नमंजूषेची कॅसेट आमच्या गल्लीत कुणी पाहिलेली नव्हती. २००० साली जुलैत ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं आणि रात्री नऊला टीव्ही गेमची वायर निघायला लागली. अण्णा खुर्ची पुढे ओढून बसत. पर्याय पडद्यावर यायच्या आत दिलेलं उत्तरच खरं, हा त्यांचा कायदा. “पर्याय बघून काय, शेंबडं पोरही सांगेल!” आईनं ‘सी’ म्हटलं आणि ते बरोबर निघालं, तरी गुण शून्य. खुद्द बच्चनसाहेबांनी ‘लॉक किया जाए’ म्हटलं असतं तरी अण्णांनी ते धरलं नसतं.

या गेममध्ये पर्याय नाहीत, म्हणजे खेळ अण्णांचाच. शिवाय कॅसेटमधलं जग १९८८पाशीच थांबलंय. सोव्हिएत युनियन शाबूत, जर्मनी दोन, बर्लिनची भिंत उभी. जिंकायचं तर नंतरचं सगळं विसरायला हवं. अण्णांना त्यासाठी वेगळे कष्ट नाहीत. स्टेशनचं नाव १९९६ साली बदललं, २०१७ साली पुन्हा बदललं. ते आजही व्हीटीलाच उतरतात.

फोन करून सांगितलं त्यांना. “पर्याय आहेत का त्यात?”

“नाहीत.”

“मग बरा असेल,” म्हणाले, आणि लगेच, “गॅसचा नंबर लावलास का?”